उतार

धुळ्यात, आग्रा रोडला, काचेआड तीन सायकली.
पोरगा सांगतो, मोटर पंच्याऐंशीची, बॅटरी सातशेची,
स्क्रीनवर एक हिरवी रेघ.
मी टायर दाबून बघतो,
पपई पिकली का बघावी तसा.

मला वाट माहीत आहे.
तोरणमाळचं डांबर सोडलं की मुरूम,
त्यावर सागाची वाळकी पानं,
पानांखाली गुडघ्याएवढी दगडी पायरी,
आणि वळणावर नुसती हवा.

"चढाले मोटर शे,"
दारातला हनीफ पिंजारी म्हणतो,
पंक्चरच्या घमेल्यातून हात न काढता,
"उतराले काय शे?"

पोरगा गप्प.
मी मोटरचं सोडतो. ब्रेकची चकती केवढी, विचारतो.
शॉक किती दबतो, आणि दबून परत येतो कसा.
मग अख्खी सायकलच उचलतो.
सव्वीस किलो. ठेवताना गुडघा बोलतो.

बॅटरी मेली की
दरीतून हिला वर आणणारा मीच.

लहान बॅटरीची घेतली. राखाडी.
चकत्या मोठ्या बसवून.
हनीफने ब्रेक दोनदा दाबून पाहिला,
काही बोलला नाही.

आग्रा रोडने मोटर बंद ठेवून निघालो.
हिचं वजन
आधी पायांना कळू दे.