मुख्य विषय

चंदगडच्या कॉलेजातली दोन वर्षं
लग्नात सोबत आणली होती,
ट्रंकेच्या तळाशी.
सतरा वर्षांनी आज बेळगावात
खिडकीवर ठेवली.

शिवपुजीमठ मॅडम एकेक गुणपत्रक उलटतात.
एवढं चालतंय, खरं हे नाही चालत.
वनस्पतिशास्त्र अडकलं
शिनोळीच्या नाक्यावर.

मुख्य विषय एकच लिहा, म्हणाल्या.
रसायन, हिशेब आणि कन्नड,
तिन्ही पाहिजेत म्हटलं.
कशाला?

उद्यमबागेत फौंड्रीत मी वाळू तपासते, मॅडम.
नुसती वाळू उभी राहत नाही.
माती लागते, कोळशाची भुकटी,
पाणी बेतानं.
मग मूठ आवळायची, उघडायची,
गोळा मधोमध मोडायचा.
कडा ढासळली नाही
तर साचा धरतो.

हे सगळं मनातच.
तोंडातून एवढंच आलं:
मूरू बेकू, मॅडम.

त्या हसल्या नाहीत.
रकान्याशेजारी पेन्सिलीनं
अजून दोन रेघा ओढल्या, फिकट,
पुसता येतील अशा.
वरच्या साहेबांना विचारते, म्हणाल्या,
सोमवारी या.

सोमवारी माझी पहिली पाळी.
येते म्हटलं.

सही केली होती नीट,
तरी अर्जाच्या कोपऱ्यात
कालचा काळा अंगठा उमटलाच.