इतिवृत्ताची वही

क्लब सुरू झाला एकसष्ट साली,
इशबेल मकेक्नीच्या स्वयंपाकघरात.
रबराचे सूट तिनेच चिकटवले जेवणाच्या टेबलावर,
सांध्यांवर पिवळी पट्टी, आत टाल्कम पावडर.
आठवडाभर पावाला रबराचा वास.

कॉम्प्रेसर आला भंगारातून.
त्यावरून दोन बैठका, एक राजीनामा.
सगळं वहीत आहे.

मग चौसष्टचा मार्च:
'लॉख फाइन. खोली सतरा वाव.
पाण्यात हातभर दिसतं.
काही सापडलं नाही.'
सही, मर्डो गॅलब्रेथ.

मर्डोचे वडील हेरिंगच्या बोटीवर होते.
ती बोट धक्क्याला परत लागलीच नाही.
त्या रविवारी तो वर आला
आणि मास्क काढेना.
इशबेलने थर्मासमधला चहा ओतला.
कुणी विचारलं नाही.

आता आम्ही पाच जण.
कॉम्प्रेसर नवा, गुडघे जुने.
दर मार्चात तिथेच उतरतो,
सुकाणूवर हात ठेवतो,
शिंपले खरवडून नाव वाचत नाही.

यंदा वही माझ्याकडे आहे.
बोटं बधिर, अक्षर वाकडं:
पाण्यात हातभर दिसतं.
काही सापडलं नाही.
वर्गणी बाकी, दोघांची.