वर्षाचा गोषवारा

एकतीस डिसेंबर. सिंदेवाहीच्या कोर्टात
नाझर लोनबले तक्ता भरतात:
मागील शिल्लक, नवीन दाखल, निकाली.
बेरीज एकाने चुकते.

पुन्हा गठ्ठे सोडले.
मोहाच्या दारूचे खटले, चोरीची सायकल
(टायर उंदरांनी केव्हाच निकाली काढले),
बोरकुटे विरुद्ध बोरकुटे,
धुऱ्यावरचं येनाचं झाड,
एकोणीस वर्षं.

बेलीफ पेंदाम दारातच बिडी विझवतो.
"साहेब, ते झाड तं वादळात पडलं.
दोघा भावांनं मिळून चिरलं.
मी समन्स बजावाले गेलो,
तं त्याच लाकडाच्या बाकावर बसवून
चहा पाजला मले."

लोनबले पेन उचलतात, थांबतात.
झाड पडल्याचा अर्ज
कोणाचाच नाही.

शिल्लकमध्ये एक वाढवतात.
बेरीज जुळते.