गिलावा

वागळे इस्टेटमधल्या या गाळ्यात
पूर्वी कुकरच्या रबरी रिंगा निघायच्या.
आता इथून कल्पना निघणार,
असं निषाद पहिल्याच मीटिंगला म्हणाला
आणि स्वतःच हसला,
म्हणून मला तो बरा वाटला.

त्याच्याकडे फोटो होते, कुठल्याशा परदेशी वखारीचे.
पोपडे गेलेली वीट, उघडे पाइप, लोंबते पिवळे बल्ब.
मी म्हटलं, इथे वीट नाहीये. आत ब्लॉक आहे, सिमेंटचा.
मग वीट आणू, तो म्हणाला.
आल्या विटा, बिस्किटासारख्या पातळ कापलेल्या,
चौरस फुटाला एकशे दहा.
जुन्या दिसणाऱ्याला पंधरा जास्त.

उरलेल्या भिंतीला गिलावा :
ओबडधोबड, अर्ध्यात सोडल्यासारखा.
ड्रॉइंगवर मी बाण काढून लिहिलं, रॉ फिनिश.

यल्लप्पाला ते वाचता येत नाही.
अफजलपूरचा माणूस, कळव्यात खोली,
तीस वर्षं एकच काम :
ओळंबा सोडायचा, थापीने माल मारायचा, गुरमाळा फिरवायचा,
मग एक डोळा मिटून भिंतीकडे तिरपं बघायचं,
सुईत दोरा ओवताना बघतात तसं.

मी म्हटलं, खराब कर.
तो म्हणाला, किती?

याचं उत्तर ड्रॉइंगमध्ये नव्हतं.
मी त्याची थापी घेतली, हवेत दोनदा फिरवली.
असं. असं. म्हणजे बघ,
मध्येच चहा आला आणि तू उठून गेलास.
चहा आला तरी मी उठत नाही, तो म्हणाला,
माल सुकतो.

सोमवारी बघते तर भिंत अशी,
की माशी बसली तर घसरेल.
मंगळवारी टाचे मारून फोडली.
बुधवारी पुन्हा लावली त्याने, माझ्यासमोर, दात आवळून,
वरचे चार फूट झकास वाईट
आणि खाली येता येता हात विसरला
आपल्याला काय सांगितलंय ते.

शेवटी इराण्णाला दिली. भाचा. वय अठरा.
थापी धरून महिनाही झाला नव्हता.
कानात गाणी घालून त्याने एका दुपारीत उरकली भिंत.
निषाद म्हणाला, परफेक्ट. फोटो काढले, उभे, आडवे.
यल्लप्पा नळाखाली घमेलं विसळत होता.
पोराची पाठ थोपटावी की कानाखाली द्यावी
ते ठरेना त्याचं,
घमेलं मात्र तीनदा विसळून झालं.

मग बाकीचं आलं. गवताचा गालिचा, प्लास्टिकचा.
मीटिंगच्या खोलीत झोपाळा,
त्याच्या कड्या मी दोन माणसांच्या वजनाने तपासल्या
(एक मी, एक इलेक्ट्रिशियन, दोघांनी दुसरीकडे बघत).
कोपऱ्याकोपऱ्यात गवती चहाच्या वासाच्या बाटल्या,
कारण दुपारी दीडला वरचा पत्रा तापला
की रबर उठतं जागं होऊन
आणि लिहायला बसलेली मुलगी विचारते,
काही जळतंय का?

शेवटच्या दिवशी मी दोषांची यादी घेऊन फिरले.
बिजागरी करकरते. काचेवर ओरखडा. बल्ब क्रमांक सात डोळे मारतो.
पँट्रीत फ्रिज थरथरत होता म्हणून पुढे ओढला
आणि मागे,
ड्रॉइंगमध्ये जिथे काहीच लिहिलं नव्हतं तिथे,
तीन फूट बाय पाच फूट
सपाट.
मी ओळंबा मागवला. दोरी स्थिरावू दिली.
केसाचा फरक नाही, वर, मध्ये, तळाशी.
पेन उघडं होतं.
यादीत काही लिहिलं नाही.
फ्रिज मागे ढकलायला दोघं लागले.

महिन्याने बिल आलं, इराण्णाच्या अक्षरात,
महापालिकेच्या शाळेतलं गोल गोल अक्षर.
रॉ फिनिश, दोनशे चाळीस फूट.
फोडकाम, एक दिवस.
आणि तळाला वेगळ्या शाईने :
फ्रिजमागची भिंत, पंधरा फूट, चांगला गिलावा,
दर दुप्पट.

निषादने विचारलं, हे काय आहे?
मी म्हटलं, बरोबर आहे,
मी मोजलंय.