ओ

सातपूर, रात्रीचा दीड. 'हिशेबवही' हा क्लास काढून टाकला.
'नोंद' हे नवं नाव. सुटसुटीत.
सकाळी सत्तेचाळीस ठिकाणी लाल,
आणि फिनलंडातला कुणी अनोळखी एवढंच म्हणतो:
माझं मोडलं.

रामकुंडावर गुरुजींच्या बाडात
आजोळच्या पानावर आई अजून चंपावती.
खोडलेली नाही. कडेला बारीक शाईत:
सासरी वैजयंती, पान दोनशे बारा पाहा.

मग मीही जुनं नाव परत ठेवलं, रिकामं,
आत एकच ओळ, पुढचा पत्ता.
पुढच्या आवृत्तीत काढणार, असं लिहिलंय खाली.
तीन आवृत्त्या झाल्या.

स्पीकरवर मामा: चंपे, आहेस का गं?
आणि आई, पिठाच्या हातानं,
आतूनच ओ देते.