फणीचे दाते कुणीकडं

मुरगोडअण्णांच्या दुकानात डोळे तपासायची खोली
दहा फुटांचीच. पाहिजे वीस.
म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं टांगायचा
आणि समोर आरसा.
अक्षरं उलटी छापलेली, आरशात सुलटी होणारी.
मी उभा आरशापाशी, गिऱ्हाइकाकडं तोंड करून,
म्हणजे मला ती उलटीच दिसायची.
कानडी मी अशी शिकलो,
पाठीकडून.
आरशाला कानडीत कन्नडी म्हणतात
हे दोन वर्षांनी कळलं.

एकोणीस वर्षांचा होतो. कुडाळहून आंबोली चढून आलो,
पत्र्याच्या ट्रंकेत चार शर्ट आणि सुक्या बांगड्यांची पुडी.
तिच्या वासानं पहिली खोली सुटली.
दुसऱ्या घरमालकिणीनं दारातच विचारलं,
उरलेत काय त्यातले?

गिऱ्हाईक बसलं की आधी विचारायचं,
कुठला तक्ता लावू? मराठी, कानडी, उर्दू, इंग्रजी?
काही जण छाती काढून सांगत.
एक मास्तर म्हणाले, जो नीट दिसेल तो लाव,
आणि दाराकडं बघितलं
कुणी ऐकलं तर नाही ना अशा नजरेनं.

त्या दिवशी बंद होता. कुणाचा, आठवत नाही,
शटर दोन्ही बंदांना तेच.
पाटीवर रात्री डांबर फासलेलं.
वरच्या ओळीला की खालच्या, ते सांगत नाही,
सांगितलं की तुम्ही बाजू घ्याल.

अर्ध्या शटरखालून वाकून दुंडव्वा आत आली,
नेसरगीची. येताना वडाप मिळालं, जाताना बघू म्हणाली.
तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं.
अशांसाठी पाचवा तक्ता असतो,
नुसता इंग्रजीतला ई,
कधी उताणा, कधी पालथा, कधी डावीकडं कललेला.
विचारायचं, फणीचे दाते कुणीकडं?

ती हातानं दाखवायला लागली.
वर. खाली. ह्या अंगाला.
कोंबड्या हाकलाव्या तसा हात.
हाच हात त्या मास्तरांचाही झाला असता,
माझ्या आईचा झाला होता,
कुडाळच्या शिबिरात, तिचा डोळा जायच्या आधी.

पाचव्या ओळीला दुंडव्वा थांबली.
मंजु मंजु, म्हणाली. सगळं धुकं.
मी भिंग बदललं.
काणसाकत्तैत्री!
आणि तक्ता सोडून तिनं आरशात स्वतःला पाहिलं,
बराच वेळ.
इतकी म्हातारी झाले,
मला कुणी बोललं कसं नाही?

मग माझ्याकडं वळली. चाचणीच्या जड फ्रेममध्ये
तिचे डोळे वाटीतल्या तेलासारखे हलत होते.
यावूर री?

ह्या प्रश्नाला मी कुडाळ म्हणत आलो.
कुडाळात जत्रेला गेलो की पोरं ओरडतात, बेळगावकार इलो!
माझ्या मालवणीच्या शेवटाला आता री लागतं,
आणि बायको म्हणते, झोपेत तुम्ही कुठल्याच भाषेत नाही बोलत,
नुसतं हूं हूं करता.

त्या दिवशी का कोण जाणे, म्हणालो,
इल्ले. इथलाच.

दुंडव्वा हसली, सगळे नसलेले दात दाखवून.
सुळ्ळ! खोटं.
तुझी कानडी उलटी आहे रे बाबा.

मी काय सांगणार.
चष्म्याची किंमत सांगितली.
चष्म्याला पुस्तकात वेगळं नाव असेल,
बाजारात दोघांचाही तो चष्माच.
तो शब्द ना तिच्या घरचा ना माझ्या,
कुठल्या तरी लांबच्या मुलखातून आलेला.
नाकावर बसला की त्याला गाव विचारत नाही कुणी.

तिनं कनवटीच्या नोटा दोनदा मोजल्या.
पुन्हा वाकून शटरखालून बाहेर पडली.
रस्ता मोकळा, एका टोकाला टायर जळत होता.
तिथूनच ओरडून विचारलं, स्टँड कुणीकडं?

आवाज पोचला नसता.
मी हात केला,
डावीकडं.