पाच मिनिटं

वेंगुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यात, मंगळवारी,
एक्स-रेच्या खोलीला लागून जी अरुंद खोली आहे तिथे
नेवगी मॅडम म्हणाल्या, रोज पाच मिनिटं.
हुकूम नाही, प्रश्न नाही, "नको" नाही.
पोरगा जे करतोय, तेवढंच बोलून दाखवायचं.
मी म्हटलं, सोपं आहे.

निवतीला आलो. खळ्यात त्याच्यासमोर बसलो,
मोबाईलवर वेळ लावली,
आणि कळलं, तोंडात एक वाक्य शिल्लक नाही.
वीस वर्षं ट्रॉलरवर मी एवढंच बोललोय:
ओढ. सोड. धर. मागे बघ, मेलास काय?
घरी येऊनही तेच,
फक्त दोराच्या जागी पोर.

साईल सहा वर्षांचा.
चुलतबहिणीच्या दंडावर त्याचे दात अजून मोजता येतात.
वैजूचा मोबाईल त्याने विहिरीत टाकला
आणि काठावर उभा राहून वाजतो का ते ऐकत राहिला.
वाडीत कोणी म्हणालं, देवाकडे गाऱ्हाणं घाला,
कोणी म्हणालं, दोन ठेवून द्या.
दोन मी आधीच ठेवल्या होत्या. दोनावर थांबलो नव्हतो.

मॅडमनी विचारलं, तुमचे वडील कसे होते?
चांगले होते, म्हटलं.
हात मात्र आपोआप मानेमागे गेला,
जिथे काथ्याचा पीळ बसायचा.
त्यांनी ते बघितलं. लिहिलं नाही काही.

बंदीचे दोन महिने. होडी वर ओढलेली, झापांनी झाकलेली,
आणि मी बोलायला शिकतोय.
"तू लाल बोया उचललास."
"आता तू त्याच्यात दोरी ओवतोयस."
"दोरी ओवली गेली नाही. तू परत ओवतोयस."
साईलने मान वर केली, संशयाने:
"बाबा, तू असो कित्याक बोलतस? मॅच चालू आसा?"
वैजू आतून हसली.
त्या घरात ती कधी हसली होती, आठवेना.

तो आरडाओरडा करेल तेव्हा तोंड फिरवायचं, पण उठून जायचं नाही.
(इथे मला दर्याची उपमा द्यायचा मोह झाला.
मॅडम सावंतवाडीच्या. नाही दिली.)

बर्फाच्या कारखान्याचं कॅलेंडर भिंतीवर.
जमलं त्या दिवशी टिंब, हात उचलला त्या दिवशी फुली.
अकराव्या दिवशी फुली.
सतराव्या दिवशी फुली, तीही लहान काढली,
जणू लहान काढल्याने थप्पड लहान होते.
एकदा मी फुशारकीने टिंबं मोजत होतो, तेव्हा
कांदा चिरता चिरता वैजू म्हणाली,
उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं माझ्याकडे असतात.
याला मॅडमच्या कागदात रकाना नव्हता.
पुढच्या मंगळवारी मी तिलाच बोलू दिलं.
ती अर्धा तास बोलली. मी प्रश्न विचारला नाही.

ऑगस्ट. परत पाण्यात.
पहाटे तीनला जाळं वर येत होतं, बांगडा बरा होता,
आणि मी ओरडायच्या ऐवजी म्हणालो,
"दिलमान, तू डाव्या हाताने दोर धरलायस."
नेपाळचं ते पोर दचकलं. दोन्ही हात बघितले.
"चुकलं का, तांडेल?"
नाही, म्हटलं. धरलायस, एवढंच.
मग खलाशी रात्रभर एकमेकांना सांगत सुटले:
तू बिडी ओढतोयस. तू खोटं बोलतोयस.

किनाऱ्याच्या जवळ आल्यावर रेंज आली.
वैजू म्हणाली, बुधवारी शाळेतून चिठ्ठी आली,
परत कोणाला तरी ढकललं.
मी श्वास घेतला. काय बोलू ते सुचेना,
म्हणून बोललो नाही.
मग फोनवर त्याचा आवाज,
अगदी मॅडमच्या पट्टीत, सावकाश:
"बाबा, तू गप आसस."
थोडं थांबून,
"तू आयकतस."

मी ऐकत होतो.
मागे इंजिन, बर्फ फोडल्याचा आवाज,
आणि कोणीतरी ओरडतंय: धर, सोड, ओढ.